अक्षता टाकणाऱ्यांची यादी

"लिवा. आधी नाव लिवा, मग बाकीचं."

समोरच्या स्टुलावर टेकायच्या आत बाई हे म्हणायच्या. भोरच्या कचेरीबाहेर माझं अर्ज लिहिण्याचं टेबल आहे. अर्जाची सुरुवात 'महोदय' अशी होते, नावानं नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं! बाईंना महोदयाशी काही कर्तव्य नव्हतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचं नाव उमटलेलं बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला थंडावा मिळायचा नाही.

तालुक्यातल्या एका लहान गावात त्या अंगणवाडी चालवायच्या. तुम्हीही पाहिल्या असतील अशा बाई: किरकोळ अंगाच्या, झपझप चालणाऱ्या, खांद्याला वजनकाट्याची पिशवी. पण डूख धरावा तर या बाईंनीच. एका वाण्यानं कधीकाळी मुलांच्या खिचडीला किडकी डाळ दिली होती. तेव्हापासून काडेपेटीसुद्धा त्या दुसऱ्या गावाहून आणायच्या. मी म्हणालो, "बाई, सोडून द्या की आता. किती वर्षं झाली त्याला."

"भाऊ, आमच्या घरात वाटण्या झाल्या तवा माफी दिराच्या वाट्याला गेली. माज्याकडं न्हाई ती."

मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

त्यांच्या गावात एक पोरगी होती. जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची. बाईंनीच पुन्हा पुन्हा वजन करून, आईला चार गोष्टी सुनावून, तिला धडाची केली होती. पोरीचा चुलता गावपुढारी. पुतणी सोळा वर्षांची झाली म्हणून त्यानं एसटी थांब्यावर हा भला थोरला फ्लेक्स लावला. मधे पोरगी, खाली तो स्वतः, वर आमदारसाहेब हात जोडून. 'सोळाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' आणि चारच महिन्यांनी त्यानं तिचं लग्न काढलं. कागदोपत्री पोरगी अठरा पूर्ण! फ्लेक्स उतरवून वैरणीच्या गंजीवर टाकला, झालं.

बाईंनी ग्रामसेवकाला गाठलं, तर तो रजेवर. पोलिसांना फोन केला, तर चुलत्याला कुणकुण लागली आणि दुपारचं लग्न सकाळी नवालाच लावून टाकलं. गाडी आली तेव्हा पंगत उठत होती.

मीही होतो त्या लग्नात. चुलता माझं जुनं गिऱ्हाईक, पत्रिका द्यायला घरी आला होता. आणि फ्लेक्स मीही वाचला होता, खोटं कशाला सांगू? बाई मांडवाच्या दाराशी उभ्या होत्या. आत येत नव्हत्या, येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, बाई जरा अतीच करतात.

वर्षाच्या आत पोरगी बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

त्याच सुमारास, मुलाबाळांच्या कायद्यात बदल करायचे म्हणून आमदारांची एक समिती लोकांच्या सूचना ऐकायला तालुक्याला येणार होती. बाई आल्या. बसल्या नाहीत.

"लिवा. नुसतं आईबाप धरू नका म्हणावं. पोरीचं वय ठावं असून ज्यानं अक्षता टाकल्या, त्यो बी आरोपी. असा कायदा करा. आता नावं लिवा."

आणि एकेक नाव सांगत गेल्या. हातात चिटोरा नव्हता. आमदारसाहेब पहिले, मग चुलता, भटजी, आचारी, मांडववाला, सोयरेधायरे. मधेच माझं नाव आलं. माझी बोटं थांबली.

"बाई, मी आपला तोंड दाखवून लगेच निघालो होतो."

"जिलबी खाल्ली का न्हाई?"

"खाल्ली."

"मग लिवा की."

लिहिलं. आडनावासकट, माझ्याच हातानं. राग आला होता मला त्यांचा. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. मग रात्रंदिवस तेच डोक्यात फिरायला लागलं, आणि कळलं की रागावण्यासारखं त्यात खोटं काहीच नव्हतं.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर तेच आमदारसाहेब. बाईंना दोन मिनिटं मिळाली. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड घडी काढली, दोन बायकांना टोकं धरायला लावली आणि फ्लेक्स उलगडला. वैरणीचा भुसा सगळा मंचासमोर सांडला. 'अंगणवाडीचं छप्पर गळतंय' असं सांगून त्यांनी तो चुलत्याकडूनच मागून आणला होता! त्या गड्यानं वर टेम्पोतून घरपोच केला होता म्हणे.

आमदार म्हणाले, "ताई, कार्यकर्ते फोटो लावतात हो. आम्हाला कुठं विचारतात?"

"फोटू लावला न इचारता, बरं. अक्षता टाकाया बी न इचारताच उचलून आणलं व्हतं व्हय सायेब? यादीत पयलं नाव कुणाचं हाय, वाचा मोठ्यानं."

साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

चुलत्यावर गुन्हा दाखल झाला, त्याचं तिकीट कापलं गेलं, आणि तो जामिनावर सुटला. सूचनेचं उत्तर आलं, 'विचाराधीन'. दर अधिवेशनाच्या आधी बाई यायच्या आणि मी पुन्हा तीच यादी काढून द्यायचो. एकही नाव गाळलं नाही, माझंही नाही.

गेल्या माघात एका बाळाचं वजन करताना त्या जागीच कोसळल्या. गेल्या.

दहाव्याला नीरेच्या घाटावर आम्ही तासभर उभे होतो. समोरच्या उंबरावर चिक्कार कावळे, पण पिंडाला एक शिवेना. मुलानं हात जोडून सांगितलं, "आई, नातीला शिकवीन." नाही. अंगणवाडीच्या मदतनीस म्हणाल्या, "बाई, पोरांना जपीन." नाही. मी पुटपुटलो, "अर्ज बंद पडू देणार नाही." एक कावळा भिंतीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

मग गर्दीतून चुलता पुढं आला. टोपी काढली. "बाई, चुकलं माजं. लई मोटं चुकलं. आता तरी माफ करा."

कावळा उडाला तो परत उंबरावर जाऊन बसला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मुलगा रडवेला झाला होता. "काका, आईची काय इच्छा ऱ्हायली असंल वो?"

"इच्छाबिच्छा काही नाही रे," मी म्हणालो. "बाई आम्हाला माफ करत नाहीत, एवढंच."

चुलत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्यानं बोललो होतो.