दाजींच्या कानाचं अपील

उभ्या खानदेशात माझ्या दाजींइतक्या आत्मविश्वासाने ऐकणारा माणूस झाला नाही. ऐकू त्यांना जवळजवळ काहीच येत नव्हतं, पण म्हणून उत्तर द्यायला ते कधी अडखळले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पासष्टच्या लढाईत ते तोफखान्यात होते. पुढे फौजेने त्यांना घरी पाठवलं तेव्हा ते धरणगावला आले ते दोन धडधाकट हात, दोन धडधाकट पाय आणि दोन नुसते शोभेचे कान घेऊन. "मना कानले काय व्हयेल नही," असं त्यांचं म्हणणं. लोकच हल्ली पुटपुटतात!

गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते पहारेकरी लागले. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत सगळेच एकमेकांवर ओरडायचे, त्यामुळे कामावर दाजींचं काहीच अडत नसे. पंचाईत व्हायची ती फाटकाबाहेर. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, हाताला लागेल ते अक्षर पकडायचं आणि उरलेलं वाक्य पदरचं जोडायचं, ही त्यांची रीत. एकदा पेठेतले कापडवाले मारवाडी शेठजी पडेल चेहऱ्याने म्हणाले, "भाऊ, आई गेली हो काल." दाजींनी ऐकलं, 'गाय घेतली.' त्यांचा चेहरा खुलला. "बेस केलं शेठजी! दूध किती देते?" शेठजींनी कपाळाला हात लावला. दाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला, "दोन दिवस नाही देणार. नवीन जागा आहे, जरा बुजेल." शेठजी सुतकात खो-खो हसत घरी गेले. आईमागे आपण पहिल्यांदा हसलो ते त्या दिवशी, असं ते पुढे स्वतःच सांगायचे.

अक्काला मात्र हसून भागणारं नव्हतं. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी तिने अर्ज करवला, तो फेटाळून आला. कारण काय, तर कानाचा दोष लहानपणापासूनचा, नोकरीशी त्याचा संबंध नाही. अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. मी तेव्हा जळगावला कारकून होतो. मी तिला माजी सैनिकांच्या कचेरीत नेलं. तिथे धुळ्याकडचे एक म्हातारे सुभेदार बसत. ते म्हणाले, "अक्का, अपिलात दोनच गोष्टी बघतात. दुखणं खरं आहे का, आणि ते नोकरीत लागलं का. भरतीच्या वेळी डॉक्टरने कान ठीक लिहिले असतील, तर ते घरून बिघडवून आणले असं कसं म्हणतील? अपील करा. डॉक्टरांचं मंडळ पुन्हा तपासायला बोलावील."

अपील गेलं, आणि पुष्कळ दिवसांनी बोलावणं आलं. तेव्हा एकाहत्तरचं साल होतं, गावभर पुन्हा लढाईच्या गप्पा होत्या. मी दाजींच्या कानात ओरडलो, "दाजी, मंडळानं बोलावलंय!" दाजी ताडकन उठले. "मले ठाऊकच व्हतं! तोफखान्याचं मनाबिगर चालत नही!" मी समजावायला तोंड उघडलं, तर अक्काने मला चिमटा काढला. "असू दे. खरं सांगशील तर ते येणारच नहीत."

झालं! दाजींनी बूट आरशासारखे चमकवले, मिशा पिळल्या, आणि आगगाडीत सगळ्या डब्याला सांगितलं की आपण लढाईला निघालोय. आम्ही बहीणभाऊ खिडकीबाहेर बघत बसलो.

मोठ्या लष्करी दवाखान्यात तीन डॉक्टर साहेब टेबलामागे बसले होते. दाजींना ऐकू येत नाही म्हणून आम्हालाही आत घेतलं. कोणते प्रश्न येणार ते दाजींनी मनाशी ठरवून ठेवलं होतं: नाव, पलटण, मुलंबाळं. त्यांतले मधले कर्नलसाहेब म्हणाले, "बैठिये." दाजींनी छत हादरेल अशा आवाजात नाव सांगितलं. साहेबांनी विचारलं, "नाम?" दाजी गरजले, "तोफखाना, साब!" "गाँव कौनसा?" "दो लडके, एक लडकी, साब!" साहेबांनी तोंडासमोर फाईल धरून विचारलं, "कान में तकलीफ है?" दाजींचे ठरवलेले प्रश्न संपले होते. त्यांनी खाडकन सलाम ठोकला. "कल ही भेज दो, साब!"

बहिरेपणाबद्दल कुणाला शंका उरली नाही. पण एक डॉक्टर कागद बघत म्हणाले, "यहाँ तो लिखा है, बचपन से है." तशी अक्का पदर खोचून पुढे झाली. "बचपनसे कैसा साब? भरतीके पहले हमारा लगीन हुआ. अंतरपाटके पीछे मैं सहेलीके कानमें बोली, नवरदेव काळा शे वं. इतने वाजंत्रीमें इनको सुनाई दिया! भरतीको जाने तक मेरेको टोमणे मारते थे!"

साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी मागची पानं उलटून भरतीच्या तपासणीचा कागद काढला. दोन्ही कान उत्तम, असंच तिथे लिहिलं होतं. साहेबांनी ते बोटाने शेजारच्या डॉक्टरांना दाखवलं. दाजी ताठ उभे राहून सगळ्यांकडे प्रसन्नपणे बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब खूश व्हता. पास व्हयनू."

निकाल आला तेव्हा मी धरणगावलाच होतो. अपील मंजूर, बहिरेपण नोकरीतच आलेलं. मी आनंदाने ओरडलो, अक्काने शेजारी गूळ वाटला. दाजींनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. घडी घालत हळूच म्हणाले, "म्हणजे आते बलावणार नहीत." त्या माणसाचा इतका हळू आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. अक्का भाजी निवडता निवडता त्यांना काहीतरी म्हणाली. मी सवयीने हसायच्या तयारीत होतो. दाजींनी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "मले ऐकू नही उनं वं. परत सांग."

अक्काने भाजी बाजूला ठेवली. मग ती उठली, त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि कानाशी तोंड नेऊन सांगू लागली. ती काय सांगत होती कोण जाणे, पण बराच वेळ सांगत होती, आणि दाजी मान न हलवता ऐकत होते.