बाळासोंना झोळ खपत नसे

कल्पना करा, दोरीच्या मधोमध भरलेली घागर अडकवली आहे. एक टोक तुमच्या हातात, दुसरं मित्राच्या. दोरी अगदी सरळ करायची आहे. ओढून बघा. हात सोलून निघतील, पण मध्ये थोडा झोळ राहीलच. आमच्या राजारामपुरीतल्या बाळासोंना हे मान्य नव्हतं.

त्यांचं कापडाचं दुकान होतं. घरातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांना तारेसारखी ताठ लागायची. ओल्या चादरी टाकल्या की ती वाकायची, ते पुन्हा आवळायचे. एकदा भिंतीतला हूक गिलाव्यासकट हातात आला.

"चादरीला वजन असतंय की," त्यांच्या बायको विमलाकाकू म्हणाल्या.

"वजनाचं काय सांगतीस? आवळणाऱ्यात दम पायजे."

दोन हजार साली महापालिकेच्या तिकिटासाठी बाळासोंनी कंबर कसली. तिकीट देणारे साहेब आमच्या गल्लीतून जाणार होते. बाळासोंनी स्वतःचा चेहरा रंगवलेला भला मोठा कापडी बॅनर रस्त्यावर आडवा टांगला. एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं दातांच्या दवाखान्याच्या कठड्याला.

"नाकाला झोळ हाय. आवळा," ते खालून म्हणाले.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. म्हटलं, "काका, दोरी तिरकी असते म्हणूनच वजन वर धरते. जितकी आडवी कराल, तितका ताण वाढणार. पूर्ण सरळ करायला कितीही ताण पुरायचा नाही."

"तुझं ते परीक्षेत लिही. तालमीतली पोरं बोलवा रं."

सहा पैलवान दोरीच्या टोकाला लोंबकळले. झोळ वीतभराचा चार बोटांवर आला.

"अजून."

तेवढ्यात साहेबांची जीप वळली आणि कठडा निघाला. बॅनर रस्त्यावर पसरला आणि जीपचं चाक बाळासोंच्या कपाळावर थांबलं. चेहऱ्यावर आता एकही सुरकुती नव्हती.

तिकीट दुसऱ्या इच्छुकाला, कृष्णातला, मिळालं. त्याचा बॅनर पुढच्या चौकात एवढा सैल लोंबत होता की त्याला दोन हनुवट्या दिसत होत्या.

परवा दुकानात शर्टाचं कापड फाडता फाडता बाळासो थांबले. म्हणाले, "तुझा ताण पटला मला. सरळ दोरी हुईत न्हाय. पण इंजिनेर, एक सांग. कृष्णातच्या बॅनरचा झोळ सायबाला का दिसला न्हाय?"