होडी उलटवण्याची परीक्षा

तलावाकाठच्या होडीशाळेत पोरांना फुकट शिकवायला येणारी सात-आठ माणसं होती, आणि त्या सगळ्यांवर काकूंचा वचक होता. काकूंचं वय सदुसष्ट. आयुष्य गेलं ते सोफ्याची नि गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात. सोळा वर्षांपूर्वी फाटक्या शिडाला ठिगळ लावायला आल्या, ठिगळ टिकतंय का बघायला होडीत बसल्या, ते तिथल्याच झाल्या. नवरा लोकांना सांगायचा, "शीड शिवायला पाठवली होती. त्यांनी बायकोच शिवून घेतली."

शाळेत एक नियम होता, आणि तो काकूंनीच घातलेला. दरवर्षी पहिल्या रविवारी प्रत्येक शिकवणाऱ्यानं पोरांसमोर, अंगावरच्या कपड्यांनिशी, होडी उलटवायची, सरळ करायची आणि कुणाचा हात न घेता परत आत चढायचं. नाही जमलं तर त्या वर्षी पोरांना घेऊन होडीत बसायचं नाही. मागल्या वर्षी बँकेतले कॅशियर पोटापायी अडकले. काकूंनी त्यांना वर्षभर धक्क्यावर बसवून पोरांना गाठी शिकवायला लावल्या. गडी मनाला लावून घेणारा. पोट उतरवून आला आणि यंदा पहिल्या दमात चढला.

आता पाळी काकूंची. यंदाची थंडी काकूंच्या उजव्या खांद्यात घर करून बसली होती. फळीवरचा डबा काढायलासुद्धा नवऱ्याला हाक मारावी लागे. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा सकाळी एवढंच म्हणाला होता, "यंदा राहू दे की." काकूंनी कोरड्या कपड्यांची पिशवी उचलली. रविवारी होडीत बसायचं नाही, मग करायचं काय, हे त्यांनाच सुचत नव्हतं.

होडी उलटली. काकू पोहत तळाच्या बाजूला गेल्या, होडीच्या पोटातून बाहेर आलेल्या फळीवर चढल्या, काठ धरून मागे रेलल्या, आणि शीड पाणी निथळत वर आलं. इथवर वजनानं काम भागलं. पुढं हाताचं काम होतं. त्यांनी काठ धरला, पाय झाडले, छाती अर्धी वर आली आणि खांद्यानं दगा दिला. परत खाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर छातीसुद्धा वर आली नाही. धक्क्यावर बसलेली चौदा पोरं उठून उभी राहिली.

मोटरबोटीवर राखणीला कॅशियर होते. ते बोट जवळ आणून हळूच म्हणाले, "काकू, पाण्याखालून हात लावतो. वरून कुणाला दिसायचं नाही."

"मला दिसेल की."

"अहो, एवढ्याशा खांद्यापायी..."

"मागल्या वर्षी मी तुम्हाला लावला होता का हात?"

"नाही."

"मग गप बसा."

काकूंनी धडपड थांबवली. एका हातानं होडीचा दोर धरला, पाठीवर पडल्या आणि धक्क्याकडे ओरडल्या, "बघून ठेवा रे. दम लागला की असं पडायचं. होडी सोडायची नाही. पोहत काठाला जायची हुशारी करायची नाही." मग खालच्या आवाजात कॅशियरना म्हणाल्या, "घ्या वर."

कॅशियरनी दोन्ही हातांनी त्यांचं तरंगायचं जॅकेट धरून बोटीच्या बाजूनं ओढलं. बोट एवढी कलली की कॅशियरच पाण्यात जाता जाता वाचले. दोनदा काकू काठाला आपटून खाली गेल्या. शेवटी पोतं टाकावं तशा आत पडल्या. धक्क्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

ओल्या अंगानं धक्क्यावर येऊन काकूंनी विचारलं, "हसलात ते ठीक. पण मला कुठल्या बाजूनं ओढायला हवं होतं?"

कुणालाच सांगता येईना. पोरांना नाही आणि मोठ्यांनाही नाही. सोळा वर्षं इथं जो तो आपापला चढायला शिकला होता. दुसऱ्याला वर कसं घ्यायचं हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं, आणि न शिकवणाऱ्यांत पहिला नंबर काकूंचा होता.

त्यांनी परीक्षेच्या वहीत आपल्या नावापुढं स्वतःच 'नापास' लिहिलं आणि पेन कॅशियरकडे दिलं. दुपारी होड्या पाण्यात गेल्या तेव्हा काकू शेडमध्ये पाठमोऱ्या बसून ओलं शीड पुसत होत्या. ते कधीच कोरडं झालं होतं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "मग आता रविवार मोकळा?"

"मोकळा कसला. बुडायला जायचंय."

पुढच्या रविवारी धक्क्यापासून वीस हातांवर काकू जॅकेट घालून पाण्यात पसरल्या होत्या. कॅशियर मोटरबोटीवर. तीन पोरं वल्हवत आली. सगळ्यांत बारकी पोरगी सांगत होती, "मागून, मागून घ्या. बाजूनं नको, कलेल." होडीचं मागचं टोक काकूंच्या खांद्याशी आलं. दोघांनी जॅकेट धरलं, एकानं पुढं बसून तोल सांभाळला. काकू कमरेपर्यंत वर आल्या आणि सुळकन परत खाली गेल्या.

"काकू, थोडे पाय मारा ना," पोरगी कुरकुरली.

"मी कशी मारू? मी बेशुद्ध आहे."

"बेशुद्ध माणूस बोलत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या, डोळे मिटले आणि होतं नव्हतं तेवढं अंग जड करून पडून राहिल्या.