काकूंनी मागितलेली पाल

काकूंनी माझ्याकडे पाल मागितली, तेव्हा मी अंधेरीच्या एका डिझाइन कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या वर्कशॉपमध्ये नुकतेच तीन थ्रीडी प्रिंटर आले होते. प्लॅस्टिकची तार वितळवून, थरावर थर चढवत, कॉम्प्युटरवर काढलेली वस्तू ते खरीखुरी करून द्यायचे. सरांनी सांगितलं, सहा आठवड्यांत या मशीनवर काहीतरी करून दाखवा, पण ते कुणाला तरी हवं असलं पाहिजे. शेवटची अट बहुतेक सगळे विसरले. वर्गात फुलदाण्या आणि मोबाइल स्टँड निघायला लागले. मी लॅम्पशेड केली. पहिल्यांदा ती अर्ध्यातच सुटली आणि मशीनवर प्लॅस्टिकच्या शेवयांचा गुंता झाला. दुसऱ्यांदा नीट आली म्हणून मी ती मिरवत घरी आणली. आईने ती उलटी करून बघितली, लसूण ठेवायला बरी आहे म्हणाली आणि खरंच त्यात लसूण ठेवला.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत काकू तळमजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून त्या रिटायर झाल्या होत्या. स्वयंपाक, भाजी आणणं, बँक, सगळं स्वतः करायच्या. फोन त्यांना मेसेज आणि बातम्या वाचून दाखवायचा, पण आमच्या सेक्रेटरींच्या हस्ताक्षरातल्या नोटिशी काही त्याला वाचता यायच्या नाहीत. ते काम माझ्याकडे होतं. रविवारी सकाळी मी खाली जायचे, नोटीस वाचून दाखवायचे आणि चहा पिऊन यायचे.

अशाच एका रविवारी त्यांनी कॉलेजात सध्या काय चाललंय ते विचारलं. मी प्रिंटरबद्दल सांगितलं. त्यांनी मधेमधे नेमके प्रश्न विचारले. तार किती जाड असते, वस्तू गरम असतानाच हातात घेता येते का, आतून भरीव की पोकळ. मग कप बशीत ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे कसलाही आकार करून देतं ते?"

मी जरा ऐटीतच हो म्हटलं.

"मग मला एक पाल करून दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्या अगदी सरळ बोलत होत्या. त्यांचं लहानपण गिरणगावातल्या एका खोलीत गेलं. वडील गिरणीत होते, माणसं सगळी मालवणकडची, खोलीत आठ-नऊ जण. भिंतीवर पाल आली की एकच गोंधळ व्हायचा. कुणी झाडू आणायचं, कुणी खाटेवर चढायचं, आणि यांना कोपऱ्यात ढकलून ठेवायचे. पाल कशी असते असं विचारलं की आई म्हणायची, घाण असते, हात लावायचा नाही. वरून चुकचुक ऐकू यायची, तेवढाच तिचा पुरावा. त्या आवाजावरून काकूंनी एक पाल मनाशी ठरवली होती. चिमणीएवढी, केसाळ, आणि तोंडाने भिंतीला चावून लटकलेली.

"साठ वर्षं तीच पाल घेऊन फिरतेय गो," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे का तेवढं तरी कळू दे."

मी हसले नाही, कारण पालीला पाय कसे असतात हे मलाच नीट सांगता येईना. सांगायचा प्रयत्न केला आणि सारखी अडखळले. मगरीसारखी, असं म्हटलं, तर मगर तरी त्यांनी कुठे बघितली होती.

पहिली पाल मी इंटरनेटवरून उतरवली. ती कुठल्यातरी वाळवंटातली निघाली, डोक्यावर काटे असलेली. ती रद्द केली आणि आपली घरचीच पाल काढायची ठरवली. त्यासाठी आधी ती बघायला हवी होती. संध्याकाळी आमच्या किचनच्या ट्यूबलाइटजवळ एक यायची. एरवी आई तिला झाडूने हाकलायची. आता आईच टॉर्च धरून स्टुलावर उभी राहायला लागली आणि बाबांना दम द्यायला लागली, की दार आपटू नका, पाल जाईल. मी मोबाइलवर फोटो काढत होते. आठवडाभरात मला कळलं की पालीच्या बोटांची टोकं चपटी आणि रुंद असतात, तिला मान जवळजवळ नसतेच आणि ती शांत बसलेली असली तरी गळ्याखाली काहीतरी सतत हलत असतं. आई म्हणाली की लग्नाआधी वाशीमला आणि नंतर इथे मुंबईत मिळून तिने हजार पाली हाकलल्या असतील, पण एकीचाही चेहरा बघितला नव्हता.

कॉम्प्युटरवर ती पाल मी बोटभर लांबीची, खरी असते तेवढीच केली. प्रिंट होऊन आली आणि मशीनवरून काढतानाच तिचे दोन पाय तुटले. तिसऱ्या वेळेला पाय शाबूत राहिले. ती घेऊन मी काकूंकडे गेले.

त्यांनी ती तळहातावर घेतली. उजव्या हाताच्या दोन बोटांनी आधी डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदा, मग उलटं. पोटाकडची बाजूही चाचपली. मग म्हणाल्या, "हिच्या अंगावर अशा बारीक रेघा असतात होय? सगळीकडून गोल गोल?"

मी पाल हातात घेऊन बघितली. मला रेघा दिसेनात. मग बोट फिरवलं. मशीनने एकावर एक चढवलेले थर होते ते. वर्गात आम्ही सगळे त्या खुणा गृहीत धरायचो, आमच्या डोळ्यांना त्या दिसायच्याही बंद झाल्या होत्या. काकूंच्या बोटांना मात्र आधी त्याच लागल्या, आणि त्यांनी त्या पालीच्या अंगाचा भाग समजून मनात ठेवल्या. मी घाईने सांगितलं की त्या रेघा मशीनच्या आहेत, पालीच्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मग यातलं पालीचं काय काय आहे ते सांग.

तो प्रश्न घेऊन मी घरी आले. पाय त्यांना कळलेच नव्हते, इतके ते बारीक होते. चपट्या बोटांचं सगळं कौतुक माझ्याच डोक्यात होतं.

पुढची पाल मी हातभर लांब केली. थर जितके पातळ करता येतील तितके केले आणि चार दिवस बसून पॉलिश पेपरने घासली. बोटांची टोकं, डोळ्यांचे फुगवटे, पोटाची गुळगुळीत बाजू, सगळं हाताला लागेल असं. काकूंनी ती मांडीवर घेतली आणि या वेळी त्या भराभर बोलायला लागल्या. हे तोंड. हा डोळा, याला पापणी नाही. हे पाय बाजूला का फाकलेत? मी म्हटलं, भिंतीला पोट टेकवून चालते ना. त्या उठल्या, पाल भिंतीला लावून धरली आणि हळूहळू वर सरकवत नेली. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"एवढी मोठी असते? मग ओरडायचे ते बरोबरच होतं."

हातभर लांबीची पाल किचनमध्ये आली तर मीसुद्धा मुलुंड सोडून गेले असते. मी ती छोटी पाल पुन्हा त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. आकार मोठीत बघा, माप छोटीचं घ्या, असं सांगितलं. एका हातात एक, दुसऱ्यात दुसरी, असं करून त्या दोन्ही चाचपत राहिल्या. नंतर छोटी मुठीत मिटून हसायलाच लागल्या. या एवढ्याशा जिवासाठी त्यांचा थोरला काका खाटेवर चढायचा. तो तालमीत जायचा म्हणे.

पालीनंतर त्यांनी ढग मागितला. मी आता जोरात होते. कॉलेजात एक नवीन प्रोग्राम आला होता. त्याला एक फोटो दिला की तो स्वतःच त्याची चारी बाजूंनी भरीव वस्तू तयार करून द्यायचा. मी गच्चीवरून पवईच्या बाजूच्या ढगाचा फोटो काढला आणि एका दुपारीत ढग हजर केला. काकूंनी तो हातात घेतला आणि लगेच म्हणाल्या, हा तर फ्लॉवरचा गड्डा. मी म्हटलं, दिसतो तसाच. त्यांनी तो उलटा केला. मागची बाजूही तितकीच फुगीर होती. मागूनही असाच असतो का, त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. फोटोत मागची बाजू नव्हतीच, ती प्रोग्रामने मनानेच रचली होती. मी तसं सांगितलं. काकूंना त्याचं भलतंच नवल वाटलं. माझ्यासारखंच आहे म्हणाल्या, ऐकलं त्यावरून उरलेलं बनवून टाकलं. ढग मात्र त्यांनी परत दिला. हातात धरता येतो तो ढग नसणार एवढं त्यांना कळत होतं.

सहाव्या आठवड्यात कॉलेजात सगळ्यांचं काम मांडायचं होतं. काकू म्हणाल्या, पाल माझी आहे, मी येणार. आम्ही मुलुंडहून रिक्षाने अंधेरीला गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही पाली बघितल्या, छोटी-मोठी का ते विचारलं आणि म्हणाले की काम स्वच्छ आहे, पण मशीनचं वेगळेपण यात कुठे दिसत नाही. मार्क बेताचेच पडले. मला वाईट वाटलं. काकू शेजारी खुर्चीत बसून ऐकत होत्या. परीक्षक पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं की आणखी काय काय मांडलंय ते हात लावून बघता येईल का.

मी त्यांना टेबलाटेबलावर नेलं. पोरांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग प्रत्येकजण आपली वस्तू पुढे करायला लागला. शेवटच्या टेबलावर माझी कांदिवलीची मैत्रीण होती. तिने डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटच्या चष्म्यात गोराईचा अख्खा किनारा उभा केला होता, मान वळवाल तिकडचा भाग दिसायचा. सुरूची झाडं, होड्या, वाळत घातलेली मासळी. सकाळपासून तिच्याकडे रांग होती आणि परीक्षकही खूश होते. काकूंना घेऊन मी गेले, तेव्हा तिची पंचाईत झाली. यात बघायचंच आहे सगळं, ती मला हळूच म्हणाली. काकूंना ऐकू गेलं. त्यांनी विचारलं की आवाज आहे की नाही. आवाज होता. समुद्राचा, कावळ्यांचा, लांबून येणाऱ्या बोटीच्या इंजिनाचा.

मग द्या इकडे, म्हणाल्या, आणि तो सगळा जामानिमा डोक्यावर चढवला. थोडा वेळ स्थिर उभ्या राहिल्या. हळूच मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पूर्ण मागे वळल्या.

"काय गो," त्या मैत्रिणीला म्हणाल्या, "मी तोंड फिरवलं तर समुद्रपण माझ्याबरोबर फिरला. तो का फिरतोय?"

मैत्रिणीने हेडसेट काढून स्वतः घातला आणि डोळे मिटून मान वळवली. तिचा चेहरा उतरला. चित्र जागच्या जागी राहत होतं, पण आवाज कानांना चिकटवल्यासारखा बरोबर फिरत होता. समुद्राकडे पाठ केली तरी लाटा समोरूनच ऐकू येत होत्या. सकाळपासून वीस-पंचवीस जणांनी तो किनारा बघितला होता, मी स्वतः दोनदा बघितला होता. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मैत्रीण रागावेल असं मला वाटलं. ती खुर्ची ओढून काकूंसमोर बसली आणि आणखी काय चुकलंय ते विचारायला लागली. बरंच चुकलं होतं. बोट लांब जाताना तिचा आवाज नुसता बारीक होत होता, काकूंच्या मते तो घोगराही व्हायला हवा. झाडांचा आवाज डोक्यावरून येत नव्हता. आणि पायाखाली काहीच नव्हतं, वाळूत चाललं की आवाज होतो ना? मैत्रीण वहीत लिहून घेत होती. सर येऊन मागे उभे राहिले ते आम्हाला उशिरा कळलं.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघी बोरिवलीला भेटलो आणि खाडी ओलांडून गोराईला गेलो. मैत्रिणीने कॉलेजातून चांगला माइक आणला होता. बोटीत चढताना मी काकूंचा दंड धरायला गेले तर त्यांनी सांगितलं की तू धरू नको, मी तुला धरते. किनाऱ्यावर पोचल्यावर माइक कुठे लावायचा ते त्यांनी ठरवलं. मैत्रिणीने तो आपल्या छातीच्या उंचीवर धरला होता. कान तिथे असतात का, काकूंनी विचारलं. मग तो वर घेतला. वाळूत चालण्याचा आवाज तीनदा घ्यावा लागला, कारण सुक्या, ओल्या आणि पाण्यातल्या वाळूचे आवाज काकूंना वेगवेगळे हवे होते. एक कोळीण टोपली घेऊन थांबली आणि काय शूटिंग आहे विचारायला लागली. काकूंनी तिला सांगितलं की समुद्र भरून नेतोय.

मैत्रिणीने लॅपटॉप एका पालथ्या होडीवर ठेवला, जुळवाजुळव केली आणि मान वळलेली ओळखणारे हेडफोन काकूंच्या कानांवर चढवले. त्या तिथेच वाळूत उभ्या राहून सावकाश गोल फिरल्या. अर्ध्या वाटेत थांबल्या. हेडफोन एका कानावरून जरा सरकवला, खरा समुद्र ऐकला, परत कानावर घेतला आणि उरलेली गिरकी पूर्ण केली.

"आता जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुझा समुद्र जरा जवळ आलाय. दहा पावलं मागे ने."

मैत्रिणीने आकडे बदलले आणि त्या पुन्हा फिरल्या. मी होडीला टेकून दोघींकडे बघत होते, आणि मग डोळे मिटून समुद्र नेमका किती पावलांवर आहे ते मोजायचा प्रयत्न केला. मला काही जमलं नाही. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, आधी तोंड जरासं उघडं ठेव, म्हणजे स्वतःचा श्वास मधे येत नाही, मग ऐक.