रेल्वेचा म्हसोबा

शेंदराचा वास आला की मला देव नाही, रेल्वे आठवते. काही वर्षांपूर्वी जाफराबादकडच्या आमच्या काकांच्या शेतात नव्या रेल्वेची मोजणी करणारे आले आणि विहिरीला लागून एक दगड रोवून गेले. लाइन इथूनच जाणार, म्हणाले. विहीर गेली तर कपाशीला पाणी कुठलं, या घोरानं काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेलात शेंदूर कालवला, दगडाला जाड लेप दिला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि मला बजावलं, "कुनी इचारलं तर जुना म्हसोबा हाय म्हनायचं. बराबर?" पुढच्या अमावस्येला गावातल्या बायका नैवेद्य घेऊन हजर. मग एक दिवस मोजणीचे साहेब परत आले. त्यांनी बूट काढले, दगडाला हात जोडले आणि आपल्या माणसांना म्हणाले, "लाइन नाल्यापलीकडून घ्या." रेल्वे अजून नाल्यापलीकडूनही आलेली नाही. परवा गुडघे दाखवायला काकांना जालन्याला नेलं, तर येताना जीपमध्ये एवढी माणसं कोंबलेली की काकांना दोघांनी ओढून उतरवावं लागलं. घरी न जाता ते लंगडत थेट विहिरीवर गेले, म्हसोबापुढं नारळ फोडला आणि म्हणाले, "देवा, तेवढी रेल्वे जल्दी आन." मी म्हणालो, "काका, ती तुम्हीच तर घालवली." काकांनी घाईघाईनं माझा हात दाबला. "हळू बोल," ते म्हणाले, "त्याला माहीत न्हाई ते."