उधळायचं खोबरं

"काय म्हणतंय खोबरं?"

मी मोटारसायकल स्टँडवर लावतो न लावतो तोच ती विचारायची. आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसा सूर असायचा. "वाढलंय, मावशी," म्हटलं की कपाळाला हात लावायची. "जरा खाली आलंय," म्हटलं की पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची आणि "येणार की, कुठवर ताणंल," असं म्हणून मला बसायला पोतं द्यायची. भाव वाढला की पाणी मिळायचं नाही असं नाही, पण ते मागावं लागायचं.

मी कोल्हापुरातल्या एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याचा फिरता माणूस. दर शुक्रवारी जोतिबाच्या डोंगरावर जायचं, दुकानदारांना भाव सांगायचा, मागणी घ्यायची. पोती मागाहून टेम्पोनं येतात. भाव मी ठरवत नाही. आमचे शेठही ठरवत नाहीत. तो नक्की कुठे ठरतो हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, पण त्याच्यासाठी शिव्या खायला डोंगरावर मीच जातो. आता गुडघे कुरकुरतात आणि घाटात गाडीही कुरकुरते.

तुम्ही जोतिबाला गेला असाल तर तिला पाहिलं असणार. देवळाकडे जाताना पायऱ्यांच्या डाव्या अंगाला लहानसं दुकान. पुढे गुलालाची परात, बाजूला दवण्याच्या जुड्या, नारळ, कापूर आणि मधोमध टोपलीत खोबऱ्याचे तुकडे. नऊवारीचा रंग कोणता होता हे कधी कळलं नाही, कारण सगळ्याच गुलाबी झालेल्या असायच्या. ती आता दुकानात बसत नाही, म्हणून तुम्हाला आठवण करून द्यावी लागते.

नवं पोतं फोडलं की आधी ती स्वतः एक तुकडा तोंडात टाकायची. तो पुरता चावून होईपर्यंत समोर साक्षात देव उभा राहिला असता तरी तिनं त्याला थांबवलं असतं. बाकीचे दुकानदार पोतं बघून, फार तर वास घेऊन माल उतरवून घेत. हिचं चावणं संपेपर्यंत टेम्पोवाला दोन विड्या ओढायचा आणि मला डोळ्यांनीच विचारायचा, झालं का म्हातारीचं.

एकदा तिनं पोतं परत पाठवलं. थोडं खवट होतं, खोटं कशाला बोलू. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "मावशी, हे कुणी खायला नेत नाही. देवावर उधळायला नेतात."

"उधळल्यावर पडतंय कुठं?"

"खाली."

"मग?"

मी पोत्याची सुतळी पुन्हा बांधायला लागलो.

"मग कोण तरी उचलतंय आन खातंय. लेकरं खात्यात, म्हातारी माणसं खात्यात. देवाचं म्हणून खात्यात, वास घिऊन कोण खात न्हाय. घिऊन जावा पोतं."

पोतं घेऊन गेलो. शेठनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग ते वर्ष आलं. खोबरं वाढायला लागलं ते थांबेचना. दर शुक्रवारी मी नवा आकडा घेऊन वर चढायचो आणि दर शुक्रवारी तिला वाटायचं मी थट्टा करतोय. एकदा तिनं मला नीट बसवून घेतलं. म्हणाली, "पावणं, मला सांगा बगू. झाडाला नारळ लागायचं बंद झालं व्हय?"

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. दक्षिणेत पाऊस वेळेवर पडला नाही. झाडांना कीड लागली. समुद्रापलीकडचे देश खोबऱ्याच्या तेलावर गाड्या चालवायला लागलेत असंही शेठ म्हणत होते. आणि नारळ सुकेपर्यंत झाडावर राहतोच कुठे, शहरातली माणसं आणि परदेशातली माणसं शहाळ्याचं पाणी पितात, बाटलीत भरून विकतात, म्हणून कोवळाच काढतात.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "पिकायच्या आधीच पित्यात म्हणा की," एवढंच म्हणाली. मग दवण्याच्या जुड्यांवर पाणी मारता मारता, "त्या झाडवाल्यांचं तरी बरं झालं आसंल. घरं बांधली आसतील." झाडाला नारळच नाहीत तर घरं कशानं बांधणार, हे मी तिला सांगितलं नाही. कुणाचं तरी बरं झालं असं वाटून तिला बरं वाटत होतं, आणि मला खाली तीन दुकानं बाकी होती.

डोंगरावर काय बदललं ते तुम्ही बघितलं असेल. पूर्वी लोक ओंजळ भरून खोबरं घ्यायचे, वर फेकलं की हवेत काळं-पांढरं दिसायचं. आता गुलाल तेवढाच, खोबरं चिमूटभर. काही दुकानदार तुकडे इतके पातळ कापायला लागले की फेकलं तरी वाऱ्यानं भलतीकडे जायचं. एका गृहस्थानं दोनच तुकडे घेतले, बायकोला मोबाइल धरायला लावला आणि "चांगभलं" म्हणून फेकले. बायको म्हणाली, नीट आलं नाही. गृहस्थ खाली वाकून तेच तुकडे शोधायला लागला. मावशी दुकानातून बघत होती. तिनं टोपलीतले चार तुकडे उचलून त्याच्या हातात कोंबले. "घ्या. देवाला शिळं नगं." पैसे घेतले नाहीत. मागे पुड्या बांधत बसलेल्या तिच्या सुनेनं मान दुसरीकडे वळवली.

सुनेला नावं ठेवू नका. घर तिच्या डोक्यावर होतं. मावशीचा मुलगा शिरोलीला फाउंड्रीत. तिथे परदेशी ट्रॅक्टरांना लागणारे लोखंडी भाग ओततात. तिकडच्या सरकारनं बाहेरच्या मालावर कर वाढवला आणि इथल्या ऑर्डरी आटल्या. निम्मा आठवडा काम, निम्मा आठवडा घरी. नात वारणानगरला कॉलेजात, तिचं शिक्षण दुकानावर. मावशीनं हेही मलाच विचारलं, जगाचा हिशेब माझ्याकडे असल्यासारखं.

"आमी काय केलंतं त्यांचं?"

"काही नाही, मावशी."

"मग?"

मी मागणीची वही उघडली.

दिवाळीनंतर आमच्या शेठनी गोदामात नवा माल आणला. जुना, तेलकट, खवट, वरून गंधकाची धुरी दिलेला म्हणून पांढरा दिसणारा. भाव निम्म्याहून थोडा वर. बाजारानं त्याला नावही दिलं, 'उधळायचं खोबरं'. म्हणजे खायचं वेगळं आणि उधळायचं वेगळं. इतकी वर्षं मी या धंद्यात, हा भेद मी पहिल्यांदा ऐकला आणि पुढच्याच शुक्रवारी डोंगरावर जाऊन जन्मापासून ठाऊक असल्यासारखा सगळ्यांना सांगितला. सगळ्यांनी घेतलं. कुणी खुशीनं घेतलं नाही, पण घेतलं.

तिनं घेतलं नाही. तुकडा चावला, बाजूला थुंकला, चूळ भरली आणि "न्हाय" म्हणाली. पुढच्या शुक्रवारी न्हाय. त्याच्या पुढच्याही. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं आणि शेजारच्या दुकानात जायचं. टोपलीतलं चांगलं खोबरं तसंच राहायचं, आणि ती त्यावरचा गुलाल फुंकत बसायची. चैत्र यात्रा तोंडावर आली. वर्षाचं दुकान त्या यात्रेवर चालतं हे डोंगरावर शेंबडं पोरही सांगेल.

यात्रेच्या आधीच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा सून आत हिशेब करत होती आणि मुलगा कामाच्या दिवशी दाराशी बसला होता. मावशीनं मला भाव विचारला नाही. पाणी दिलं आणि म्हणाली, "ते दुसरं हाय न्हवं तुमचं, ते टाका चार पोती."

टेम्पो आला. पोती उतरली. मुलानं एक फोडलं. मी सवयीनं थांबलो, टेम्पोवाल्यानं सवयीनं विडी पेटवली. ती उठली नाही. "आत ठेव," म्हणाली मुलाला. त्यानं विडी अर्धीच टाकली आणि आम्ही दोघं निघालो. घाट उतरताना मला उगाच रडू यायला लागलं. वय झालं की येतं असं म्हणतात.

यात्रेदिवशी मी वर होतोच, कमी पडेल तो माल पोचवायला. ऊन असं की गुलाल घामानं अंगावर थापला जात होता. मानाच्या उंच सासनकाठ्या नाचत होत्या, ढोल-ताशांनी कान बसले होते. तिच्या दुकानापुढे गर्दी दिसली, म्हटलं, चला, बरं झालं. जवळ गेलो तर गर्दी येत होती आणि तशीच पुढे सरकत होती. ती पुडी बांधून देताना प्रत्येकाला हळूच सांगत होती.

"उधळा. पर खाऊ नगा."

"का हो आजी? काय झालंय खोबऱ्याला?"

"झालं काय न्हाय. उधळायचं हाय. खाली पडलं तर लेकरास्नी उचलू दिऊ नगासा."

गिऱ्हाईक पुडीकडे बघायचं, तिच्याकडे बघायचं, आणि पुडी परातीवर ठेवून शेजारच्या दुकानात जायचं. तिथे हेच खोबरं होतं, माझ्याच टेम्पोतलं. तिथे कुणी काही सांगत नव्हतं.

सुनेनं बराच वेळ सहन केलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "आत्याबाई, तुमी जरा दर्शन घिऊन येवा. मी बघतो हितलं."

मावशीनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. काय ते समजली. पदर खोचला, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि गर्दीत शिरली. त्यानंतर दुकान चाललं. चांगलं चाललं. सून दोन्ही हातांनी पुड्या देत होती आणि एकदाही वर बघत नव्हती.

बराच वेळ झाला तरी म्हातारी परत येईना, म्हणून मी शोधायला गेलो. ऊन उतरायला लागलं होतं. देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. ती दिसली ती कमरेत वाकलेली. माणसांच्या पायांतून हात घालून खोबऱ्याचे तुकडे उचलत होती आणि पिशवीत टाकत होती. कुणाचा धक्का लागला की एक हात जमिनीला टेकायची आणि दुसरा चालूच. एका लहान मुलीच्या मुठीतला तुकडा तिनं गोड बोलून काढून घेतला आणि बदल्यात केसातली दवण्याची काडी दिली.

बाहेरगावच्या एका बाईला ते बघवलं नाही. तिनं आपल्या पुडीतला मोठा तुकडा काढून म्हातारीच्या हातावर ठेवला. "घ्या आजी, हे खा. खाली पडलेलं कशाला खाताय?"

मावशीनं तुकडा कपाळाला लावला, बाई पुढे जाईपर्यंत थांबली आणि तोही पिशवीत टाकला.

मग तिला मी दिसलो. ओठ गुलालानं माखलेले, श्वास लागलेला.

"आलासा? बरं झालं. त्या पायऱ्यांच्या अंगाला बगा. तिकडं लेकरं लई हायती."

मी खिशातला रुमाल काढला आणि वाकलो. मागे कुणीतरी चांगभलंचा गजर केला आणि आमच्या दोघांच्या पाठीवर पुन्हा खोबरं पडलं.