रतनबाईच्या पायांची गोष्ट

रतनबाई आणि नंदाबाई दोघी वाकसईच्या. लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या कारखान्यात दोघींनी एकवीस वर्षं शेजारीशेजारी उभं राहून चिक्की लाटली. दोघींच्याही पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या. नंदाबाईनं मात्र तळेगावला जाऊन लेसरनं इलाज करून घेतला. मालकानं तिला पॅकिंगला बसवलं, स्टुलावर.

तेव्हापासून रतनबाईच्या पोटात दुखायला लागलं. दुपारनंतर पाय शिशासारखे जड व्हायचे, आणि समोर नंदाबाई बसून पाकिटं भरताना दिसायची. 'हिचंच बरं नशीब उघडतं,' असं रतनबाई मनात म्हणायची.

"रतन, तू बी दाखवून ये. घोट्याजवळ कातडी काळी पडलीय तुझी," नंदाबाई एकदा म्हणाली.

"मला न्हाई गरज. मी काय नाजूक न्हाई."

पुढं त्याच घोट्याला जखम झाली. रतनबाईनं हळद भरली. दोन महिने जखम ओलीच राहिली, पण तिनं नंदाबाईला कळू दिलं नाही.

एक दिवस क्रेटचा कोपरा पोटरीला लागला आणि फुगलेली शीर फुटली. रक्ताची चिळकांडी उडाली. बायका ओरडत मागं सरल्या. नंदाबाईनं तिला फरशीवर आडवं केलं, पाय उचलून खोक्यावर ठेवला आणि स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरलं. रक्त थांबलं. त्या अवस्थेतही रतनबाईला खुपलं ते एवढंच, की हिला हे सगळं ठाऊक होतं.

तळेगावच्या डॉक्टरांनी पायाची सोनोग्राफी केली. "मावशी, शिरांमध्ये झडपा असतात. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. तुमच्या झडपा सैल झाल्यात, म्हणून रक्त पायात साचतं. एका जागी उभं राहू नका. चाला. बसलात की पाय उंच ठेवा. जखमेवर दाबाची पट्टी आम्ही बांधू. ती भरली की शिरेचं बघू, आणि मग रोज सकाळी अंथरुणातच घट्ट मोजे चढवायचे."

चालणं, पाय उंच ठेवणं, मोजे, हे सगळं नंदाबाई कधीपासून सांगत होती, अक्षर न् अक्षर. रतनबाईला ते सगळ्यात जास्त झोंबलं.

जखम भरायला चार महिने लागले. मग लेसर झालं. डॉक्टरांची चिठ्ठी बघून मालकानं तिलाही बसून करायचं काम दिलं.

आता संध्याकाळी दोघी गावच्या रस्त्यानं चालतात. नंदाबाई सहज पुढं निघते.

"दमलीस व्हय? थांबू का?"

"तू चाल पुढं. मी न्हाई थांबत," असं म्हणून रतनबाई दात ओठ खात पावलं उचलते. सूज बरीच उतरलीय. नंदाबाईला गाठायचं मात्र अजून जमलेलं नाही.